अनुमोदक

पालिकेच्या नियमाप्रमाणे एका पक्षाचा एकच माणूस निवडून आला तर तो नुसता सभासद. दोन आले की त्यांचा गट होतो, आणि गट म्हटला की गटनेता आलाच. चिमटा पक्षाचे बरोबर दोन निवडून आले होते. त्यातला एक गटनेता झाला. उरला तो गट.

पक्षाचं खरं नाव लांबलचक होतं. त्यात 'नव' होतं, 'जन' होतं, 'विकास' होता, आणि ते कार्यकर्त्यांनाही एका दमात घेता येत नसे. निवडणुकीची खूण कपडे वाळत घालायचा चिमटा, म्हणून सगळे चिमटा पक्षच म्हणत. प्रचारात घरोघरी चिमटे वाटले होते आणि लोक ते अजून वापरत होते. इतकं भाग्य आजवर कुठल्या जाहीरनाम्याला लाभलेलं नाही.

गटनेते झाले त्यांची ड्रायव्हिंग स्कूल होती. अर्ध्या गावाला त्यांनी क्लच सोडायला शिकवलं होतं, म्हणून त्यांना मास्तर म्हणत. गट उरले त्यांचं बसथांब्यासमोर चष्म्याचं दुकान होतं. त्यांना चष्मेवाले म्हणत. दोघे एकमेकांचे साडू. सासऱ्यांनी दोन्ही मुली चिमटा पक्षात दिल्या, असं विरोधक म्हणायचे. मुली दिल्या तेव्हा पक्षच नव्हता, पण एवढ्या तपशिलात विरोधक जात नाहीत.

मास्तर थोरलीचे यजमान, चष्मेवाले धाकटीचे. वयानं मात्र चष्मेवाले मोठे. त्यामुळे वयाचा मान मागावा तर नातं आड यायचं, आणि नातं बाजूला ठेवावं तर बायको.

गटनेत्याची निवड मास्तरांच्या गाडीत झाली. निकालानंतर दोघे पालिकेसमोर गाडी लावून बसले होते. शिकवायची गाडी ती. टपावर 'शिकाऊ' अशी पाटी आणि शेजारच्या सीटच्या पायाशी जादा ब्रेक. चष्मेवाल्यांनी मनात भाषण तयार ठेवलं होतं. 'हा मान माझा नाही, पक्षाचा आहे' इथून ते सुरू व्हायचं. आता फक्त तो मान आपल्याकडे यायला हवा होता, आणि तो येण्याची सभ्य माणसांमधली रीत त्यांना ठाऊक होती. आधी आपण समोरच्याला आग्रह करायचा. मग समोरचा 'छे छे, तुमच्यासारखे वडीलधारे असताना?' म्हणणार. मग आपण 'नको हो' म्हणायचं. त्यानं आग्रह धरायचा, आणि शेवटी आपण जड मनानं हो म्हणायचं.

"मास्तर," चष्मेवाले म्हणाले, "गटनेते तुम्हीच व्हा."

मास्तरांनी आरशात बघितलं, हँडब्रेक सोडला आणि म्हणाले, "ठीक आहे."

त्या 'ठीक आहे'नं चष्मेवाल्यांच्या पोटात जे दुखायला लागलं, ते पुढे थांबलंच नाही.

गटनेत्याला खोली मिळते. ती जिन्याखाली होती. पूर्वी तिथे झाडू, बादल्या आणि फिनेलचे कॅन ठेवत. मास्तरांना आत शिरताना मान वाकवावी लागे, आणि खिडकी उघडली की स्कूटरींची मागची चाकं दिसत. फिनेलचा वास काही गेला नव्हता, पण चष्मेवाल्यांना आता तो सत्तेचा वास वाटायचा. खोलीत फिरती खुर्ची होती. दारावर 'गटनेता' अशी पितळी पाटी होती. सभागृहात जायचा रस्ता दुसरीकडून होता, तरी चष्मेवाले रोज जिन्याखालून वळसा घालून जायचे आणि रोज ती पाटी त्यांच्या डोळ्यांत खुपायची.

काचा पुसायचं मऊ फडकं त्यांच्या खिशात कायम असे. एकदा पाटीवर कुणाच्या तरी बोटांचे ठसे दिसले. कुणी बघत नाही असं पाहून त्यांनी ती पुसून काढली. धंद्याची सवय, दुसरं काय. मग पाटी आणखीच चकाकायला लागली आणि ते स्वतःवरच चरफडत वर गेले.

एका दुपारी मास्तर गाडी शिकवायला गेलेले असताना ते त्या खुर्चीत बसले. एकदा उजवीकडे फिरले, एकदा डावीकडे. खुर्ची करकरली, पण तेही रुबाबदार वाटलं. तेवढ्यात दारात एक आजी आल्या. हातात पिशवी, डोळ्यांवर चष्मेवाल्यांनीच बनवून दिलेला चष्मा.

"साहेब कधी येतील?"

"काय काम होतं, आजी? मीपण सभासदच आहे."

आजींनी त्यांना नीट पाहिलं. चष्म्याचा नंबर अगदी बरोबर होता, त्यामुळे स्पष्ट दिसलंच असणार.

"असू दे," आजी म्हणाल्या. "मी बाहेर थांबते."

सभागृहात तर याहून वाईट. पालिकेत कुठलाही ठराव मांडायला दोन माणसं लागतात. एक सूचक, म्हणजे जो उभा राहून सुचवतो, आणि एक अनुमोदक, म्हणजे जो बसल्या जागेवरून 'अनुमोदन' म्हणतो. अनुमोदन नाही मिळालं तर ठराव तिथल्या तिथे पडतो. मास्तर उठायचे, जाकिटाचं बटण लावायचे, "अध्यक्ष महोदया, मी सुचवतो की" असं सुरू करायचे आणि खाली बसताना चष्मेवाल्यांच्या दंडाला कोपर लावायचे. चष्मेवाले म्हणायचे, "अनुमोदन." पुढे पुढे कोपराची गरज उरली नाही. अध्यक्षबाईंनी "अनुमोदन?" असं विचारलं की चष्मेवाल्यांच्या तोंडून ते आपोआप यायचं, दार ढकललं की दुकानातली घंटी वाजावी तसं.

हे लोण घरापर्यंत आलं. मेव्हणी म्हणजे मास्तरीणबाई मुळातच थट्टेखोर. जेवताना चष्मेवाल्यांच्या बायकोनं "आणखी वाढू का?" म्हटलं की त्या पलीकडून ओरडायच्या, "विचारतेस काय, अनुमोदन आहे त्यांचं!" सगळे हसायचे. चष्मेवालेही हसायचे, कारण न हसणं आणखी वाईट दिसलं असतं.

हेही त्यांनी गिळलं असतं, पण मग वेळापत्रक आलं.

बसथांब्यावरचं वेळापत्रक इतक्या बारीक अक्षरात होतं की ते मुंग्यांसाठी लावलंय की काय असं वाटावं. म्हातारी माणसं त्याला नाक लावून उभी राहायची आणि बस मागून निघून जायची. हे दृश्य चष्मेवाले दुकानातून रोज बघायचे. एका रविवारी मास्तरांकडे जेवताना ते म्हणाले, "ते वेळापत्रक मोठ्या अक्षरात पाहिजे. माझ्या तक्त्यावरच्या पहिल्या ओळीएवढ्या. काळ्यावर पांढरं नको, पांढऱ्यावर काळं. आणि डोळ्यांच्या उंचीवर."

"वा," मास्तर म्हणाले आणि ताटात बघत जेवत राहिले.

पुढच्या सभेत मास्तर उठले. बटण लावलं. "अध्यक्ष महोदया, मी सुचवतो की बसथांब्यावरील वेळापत्रक मोठ्या अक्षरात, पांढऱ्यावर काळं, आणि डोळ्यांच्या उंचीवर लावण्यात यावं." खाली बसले.

"अनुमोदन?" अध्यक्षबाई म्हणाल्या.

"अनुमोदन," चष्मेवाल्यांचं तोंड म्हणालं. चष्मेवाले स्वतः अजून 'पांढऱ्यावर काळं'पाशीच अडकले होते.

फलक लागला. पेपरात फोटो आला: फलक, फलकाकडे बोट दाखवणारे मास्तर, आणि डाव्या कडेला एक कोपर. कोपर चष्मेवाल्यांचं होतं. बायकोनं ते लगेच ओळखलं, "हा तुमचा चॉकलेटी स्वेटर ना?" म्हणाली आणि कौतुकानं फोटो कापून ठेवला.

त्यानंतर दुकानात जो येईल तो मास्तरांचे गोडवे गायला लागला. त्या आजीही चष्म्याची दांडी घट्ट करून घ्यायला आल्या.

"मास्तरांनी काय सोय केली हो! आता इथून बस दिसते, तिथून वेळ दिसते. नवा चष्मा करायचा होता, पण आता कशाला?"

"कल्पना माझी होती, आजी."

"हो का?" आजी म्हणाल्या, ज्या सुरात लहान मुलाला 'हो का, तू वाघ बघितलास?' म्हणतात, त्याच सुरात. "जरा घट्ट पिळा हो ती दांडी."

त्यांनी पिळली. जरा जास्तच पिळली. मग पुन्हा सैल केली, कारण आजींच्या कानाचा काही दोष नव्हता.

इथे त्या खोलीच्या वार्षिक विधीबद्दल सांगायला हवं. सत्ताधारी पक्षाच्या सिमेंटवाल्यांचा त्या खोलीवर डोळा होता. त्यांना तिथे झेरॉक्सचं मशीन ठेवायचं होतं. म्हणून दर वर्षी ते एक ठराव मांडत: दोन माणसांच्या गटाची मान्यता काढून घ्यावी आणि खोली मशीनला द्यावी. पण जुन्या कुणा शहाण्या माणसानं नियम करून ठेवला होता की, एखाद्या गटाची मान्यता काढायची तर ठरावाला त्याच गटातल्या कुणीतरी अनुमोदन दिलं पाहिजे. आता आपल्याच गटाच्या मुळावर कोण उठणार? त्यामुळे सिमेंटवाले ठराव मांडायचे, अध्यक्षबाई "अनुमोदन?" विचारायच्या, दोन्ही साडू छताकडे बघायचे, ठराव पडायचा आणि मग चहा यायचा. कुणाला राग नसे. सिमेंटवाले तर ठराव मांडायच्या आधीच कपबशी जवळ ओढून ठेवत.

या वर्षी चष्मेवाल्यांनी ठरवलं.

ठरवलं म्हणजे अगदी विचारपूर्वक ठरवलं. मान्यता गेली की गट गेला. गट गेला की गटनेता गेला. खोली गेली, खुर्ची गेली, पाटी गेली. मग उरतील ते दोन नुसते सभासद, अगदी सारखे. त्यातला एक तर वयानं मोठा. शिवाय हे कोणी केलं ते गावाला कळेल. चष्मेवाला म्हणजे कोपर नव्हे, हे एकदा दिसेल.

अडचण एकच होती. 'अनुमोदन' हा शब्द त्यांच्या तोंडी इतका बसला होता की तो मुद्दाम म्हटलाय हे लोकांना कळायला हवं. म्हणून सकाळी दुकान उघडायच्या आधी ते फ्रेम घालून बघायच्या आरशासमोर उभे राहिले. नेहमीचं 'अनुमोदन' ते खालच्या पट्टीत, शेवटचं अक्षर गिळून म्हणत. हे वरच्या पट्टीत म्हणायचं, छाती काढून, प्रत्येक अक्षर सुटं. त्यांनी पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं. शेजारचा शिंपी शटर वर करता करता वाकून म्हणाला, "काय चष्मेवाले, घसा बसलाय?"

सभेत सिमेंटवाल्यांनी कपबशी ओढली, उभे राहिले, ठराव वाचला आणि बसले.

"अनुमोदन?" अध्यक्षबाई हातातल्या कागदांवरून नजर न उचलता म्हणाल्या. त्यांचं औषधांचं दुकान होतं, त्यामुळे वाचता वाचता बोलायची सवय. "नाही. मग पुढचा विषय..."

"अ-नु-मो-दन!" चष्मेवाले म्हणाले.

चहावाला दारातच थबकला. मग मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं, आणि पाठोपाठ सगळं सभागृह हसायला लागलं. सिमेंटवाल्यांना ठसका लागला. अध्यक्षबाईंनी चष्मा कपाळावर चढवला.

"अहो चष्मेवाले, हा मास्तरांचा ठराव नाही. सिमेंटवाल्यांचा आहे."

"माहीत आहे."

"तुमचीच खोली जाईल त्यानं."

"ऐकलंय मी ठराव."

"सवयीनं निघून गेलं असेल तर मागे घेता येतं," बाई मायेनं म्हणाल्या. "आम्ही समजू शकतो."

"मागे घेत नाही."

तेव्हा मास्तर उठले. बटण लावलं. चष्मेवाले सरसावून बसले. आता हा चिडणार, घरभेदी म्हणणार, आणि मग आपण उठून सगळं बोलायचं. भाषण तयार होतं. 'ठीक आहे'पासून कोपरापर्यंत सगळं त्यात होतं.

"अध्यक्ष महोदया," मास्तर म्हणाले, "माझे साडू शब्दाला जागणारे आहेत. एकदा तोंडून गेलं ते गेलं, मग नुकसान स्वतःचं का होईना. अशी माणसं आज राहिली नाहीत. त्यांना परत विचारून लाजवू नका. खोली गेली तर गेली." आणि बसले.

टाळ्या पडल्या. सिमेंटवाल्यांनीसुद्धा वाजवल्या. ठराव पास झाला. चष्मेवाल्यांचं भाषण तोंडातच राहिलं, चहाबरोबर गेलं.

घरी आल्यावर त्यांनी बूट काढायच्या आधी बायकोला सांगितलं, "मी मुद्दाम केलं."

"कळलं मला. ताईचा फोन आला होता." ती धुतलेले कपडे घड्या करत होती. मांडीवर पक्षाचे चिमटे पडले होते. "होतं असं. माझ्या तोंडूनपण परवा शेजारणीला 'पुन्हा या' गेलं, आणि ती दुसऱ्या दिवशी आली की."

"अगं, मुद्दाम! ठरवून! सकाळी आरशासमोर सराव केला होता मी!"

तिनं घडी हातातच धरून त्यांच्याकडे बघितलं आणि तिला हसू आवरेना. "तुम्ही? आणि मुद्दाम? अहो, पडदे कुठल्या रंगाचे घ्यायचे ते मुद्दाम ठरवता आलं नाही तुम्हाला, दुकानदारानं ठरवलं. बसा. चहा टाकते."

तेही जाऊ दे, पण गावात मास्तरांचा भाव वाढला. खोलीत होते तेव्हा लोक त्यांना जिन्याखालचे म्हणत. आता 'खोली गेली पण माणूस मोठा' म्हणायला लागले. ज्यांनी कधी मत दिलं नव्हतं तेही वाटेत थांबवून हळहळत. चष्मेवाल्यांकडे बघून मात्र सगळे समजूतदारपणे हसत. शिंपी तर म्हणाला, "मनाला लावून घेऊ नका. आमचा धाकटासुद्धा झोपेत बोलतो."

रविवारी मास्तरांकडे जेवण होतं. चष्मेवाल्यांनी तिथे शेवटचा प्रयत्न केला. बायका आत असताना ते खालच्या आवाजात म्हणाले, "मास्तर, तुम्हाला खरं सांगतो. ते मी जाणूनबुजून केलं. मला तुमचा... म्हणजे मला ती खोली बघवत नव्हती."

मास्तरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या.

"साडूबुवा, चूक झाली ती झाली, वर मला वाईट वाटू नये म्हणून ती स्वतःच्या अंगावर घेता? कसला माणूस आहात हो तुम्ही!"

चष्मेवाले पाणी प्यायले.

पानं वाढल्यावर मास्तरीणबाई म्हणाल्या, "बाकी काही नाही, पण भेटायला येणाऱ्या लोकांना हे आता बसवणार कुठे? गाडीत? परवा एक जण तक्रार घेऊन आला तर ह्यांनी त्याला गावभर फिरवून आणलं."

"आमच्या दुकानात बसा ना, भाऊजी," चष्मेवाल्यांची बायको म्हणाली. "आतली तपासणीची खोली निम्मा दिवस रिकामीच असते. थांबाही समोर."

"अनुमोदन!" मास्तरीणबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी चष्मेवाल्यांकडे पाहिलं. आता माणसानं काय म्हणावं? भावाभावांतसुद्धा अशा वेळी एकच वाक्य असतं, आणि समोरच्यानं त्यावर 'छे, छे, उगाच तुम्हाला त्रास' म्हणायचं असतं, मग विषय संपतो.

"या की," चष्मेवाले म्हणाले. "दुकान आपलंच आहे."

"ठीक आहे," मास्तर म्हणाले.

सोमवारी मास्तर पाटी घेऊन आले. पालिकेनं मान्यता काढली होती, पक्षानं नव्हती, असं त्यांचं म्हणणं. पाटी लावायला स्क्रू आणि पेचकस त्यांनी आणले होते, पण त्यांच्या हातून ती तिरकी बसायला लागली. चष्मेवाल्यांच्या नजरेला तिरकं सहन होत नाही. "द्या इकडे," म्हणून त्यांनी स्वतः ती सरळ लावली आणि सवयीनं फडक्यानं पुसली. डोळे तपासायच्या खुर्चीत मास्तर बसले. ती खुर्ची नुसती फिरत नाही, वरखालीही होते. लोक गल्ल्यापाशी येऊन विचारायला लागले, "साहेब आहेत?" आणि चष्मेवाले अंगठ्यानं आत दाखवायला लागले.

तरी एक गोष्ट त्यांच्या हातात उरली होती. गट मोडला होता. आता ते स्वतंत्र होते. आयुष्यात एकदा तरी सूचक व्हायचं त्यांनी मनाशी घेतलं.

विषयही समोरच होता. थांब्यावर वेळापत्रक मोठं झालं, पण बसायला काही नव्हतं. म्हातारी माणसं आता दुरून वेळ वाचायची आणि मग तेवढा वेळ उभी राहायची. तिथे बाक पाहिजे. पाठीला आधार असलेला आणि हात टेकून उठता येईल असा. या वेळी त्यांनी ही कल्पना जेवताना काढली नाही. बायकोलासुद्धा सांगितली नाही. अनुमोदनाची चिंता नव्हती, कारण बाकाला नाही कोण म्हणणार? मास्तर 'अनुमोदन' म्हणतील की. इतकी वर्षं आपण त्यांना दिलं, एकदा ते देतील. पेपरात सूचकाचा फोटो येईल. कोपर या वेळी मास्तरांचं.

सभेच्या दिवशी त्यांनी नवं जाकीट घातलं. विषय निघाल्यावर ते उठले. बटण लावलं. सभागृहानं कान टवकारले, कारण चष्मेवाले उभे राहिल्यावर एवढे उंच असतील हे बऱ्याच जणांना माहीत नव्हतं.

"अध्यक्ष महोदया," ते म्हणाले आणि आवाज जरा चिरकला, "मी सुचवतो की बसथांब्यावर वृद्धांसाठी बाक बसवण्यात यावा. पाठ असलेला. हात असलेला." पुढचंही सगळं आठवत होतं, तेही बोलून झालं. काही चुकलं नाही. ते खाली बसले. कपाळावर घाम होता, पण पोटातलं दुखणं, कितीतरी दिवसांनी, थांबलं होतं. त्यांनी अभिमानानं शेजारी पाहिलं. मास्तर चकित होऊन त्यांच्याकडेच बघत होते.

"चांगली सूचना आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या. "अनुमोदन?"

"अनुमोदन," चष्मेवाले म्हणाले.

खालच्या पट्टीत. शेवटचं अक्षर गिळून.

क्षणभर त्यांना कळलंच नाही की हे कोण बोललं. मग सभागृह कोसळलं. सिमेंटवाले बाकावर हात आपटत होते. सचिवांनी टेबलाखाली पडलेलं पेन शोधायच्या निमित्तानं तोंड लपवलं. अध्यक्षबाईंनी ओठ दाबून धरले आणि म्हणाल्या, "चष्मेवाले, स्वतःच्या सूचनेला स्वतःच अनुमोदन देता येत नाही हो."

"बघा!" मागून कुणीतरी म्हणालं. "तेव्हापण हेच झालं होतं!"

चष्मेवाल्यांनी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्या तोंडावर आता त्यांचाच भरवसा राहिला नव्हता.

मास्तर उठले. बटण लावलं.

"अध्यक्ष महोदया, अनुमोदन तर होऊन गेलंय. ते वाया कशाला घालवायचं? सूचना मी मांडतो."

"नियमात बसतं?" बाईंनी सचिवांना विचारलं.

सचिव टेबलाखालून म्हणाले, "बसतं."

ठराव एकमतानं मंजूर झाला. सूचक मास्तर. अनुमोदक चष्मेवाले.

सभा संपल्यावर दोघे गाडीपर्यंत चालत गेले. मास्तरांनी दार उघडून धरलं.

"साडूबुवा, आज तुम्ही वेळेवर अनुमोदन दिलंत म्हणून निभावलं. नाहीतर बाक गेला होता. मला तर काय बोलावं सुचेना."

चष्मेवाले टपावरच्या 'शिकाऊ' पाटीकडे बघत होते. ती जरा तिरकी झाली होती.

"मुद्दाम दिलं," ते म्हणाले.

"ते काय सांगायला हवं?" मास्तर म्हणाले. "बसा."